लेकीचं दार

प्रिय वन्सं,

घाबरू नकोस. एवढं जाड पाकीट हातात पडल्यावर कुणाचं तरी काहीतरी झालं असंच तुझ्या मनात येणार, म्हणून हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते. सगळे धडधाकट आहोत. तुझ्या दादांचा गुडघा आणि माझी कंबर एकमेकांशी पैज लावून दुखतात, पण त्यात नवीन काही नाही. पाकीट जाड झालंय ते माझ्या अक्षरामुळे. एकेक अक्षर म्हशीएवढं, दोन-तीन शब्दांत ओळ संपते. नात म्हणत होती, आजी, तू नुसतं बोल, मी फोनवरून पाठवते, आत्याआजीला आत्ताच्या आत्ता पोचेल. मी म्हटलं, नको गं बाई, आत्याआजीला माझ्या म्हशी ओळखीच्या आहेत, तिनंच पाळल्यात. तेव्हापासून ती हसत सुटलीये आणि येताजाता कागदावर डोकावतेय. आत्ता तिला चहा टाकायला पिटाळलंय. कारण आता जे सांगायचंय ते मला एकटीला तुला एकटीला सांगायचंय.

वन्सं, तिनं कवच सोडलं.

हो, तिनं. आपल्या तिनं. आता मशीनवरचं काम बाजूला ठेव, पाणी पी, आणि मग पुढे वाच. इतक्या दिवसांत कुणाला काही सांगायची एवढी घाई मला झाली नव्हती. सुनेनं मला पहिल्यांदा नातीची बातमी दिली होती ना, तेव्हा झाली होती तशी.

तुला आठवतं का, ही "ती" कोण हे मला किती उशिरा कळलं? तुमच्या घरात देवीला देवी म्हणायची पद्धतच नव्हती. मी नवी नवरी, घरात पाऊल टाकून एक रात्र उलटली नाही, आणि सकाळपासून कानावर पडतंय, ती उठली का, तिचं पाणी तापलं का, काल तिला नेसवलेलं फार जड होतं, आज तिला उशीर झाला. मला वाटलं, मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली कुणी आजेसासू आहे आणि लग्न ठरवताना आमच्यापासून लपवलीये. मी तुला हळूच विचारलं, त्यांना भरवावं लागतं का? आणि तू, पाताळयंत्री पोरी, चेहरा सरळ ठेवून म्हणालीस, हो, आणि त्या चावतात. मग हाताला धरून घराच्या मागच्या बोळातून मला थेट देवळात नेलंस आणि ओळख करून दिलीस, ही आमची वहिनी, आणि वहिनी, ही ती. मी बघते तर शेंदराचा एक थोरला गोळा. मान नाही, नाक नाही, खांद्याचा पत्ता नाही. आणि त्यावर दोन चांदीचे डोळे, थेट माझ्यावर रोखलेले. मी इतकी दचकले की वाकायच्या ऐवजी म्हणाले, बऱ्या आहात ना? तू खांबाला धरून हसलीस. तुझं ते हसणं मी पुढे कुणाचंच ऐकलं नाही. नातीचं थोडंसं तसं आहे, पण तिला दम कमी.

शेंदूर कालवायची खोली अजून तशीच आहे गं. तो दगडी पाटा, तेलाचा डबा, आणि ती खिडकी, जिच्यातून उभं राहिलं तर गल्ली दिसते आणि बसलं तर फक्त आभाळ. घरातल्या बायकांनी कालवायचा आणि पुरुषांनी लावायचा, हा तुमच्या घरचा नेम. माझ्या पहिल्या शेंदराच्या गुठळ्या झाल्या होत्या. मामंजी म्हणाले होते, सूनबाई, हिला लेप लावायचाय, भजी नाही तळायची. तुझा हात मात्र काय होता! तेलाची धार बारीक सोडायचीस आणि तळवा असा फिरवायचीस की दुधावर साय धरावी तसा शेंदूर धरायचा. आणि काम उरकलं की पाट्यावर जो पातळ थर राही, त्यात बोटानं अक्षर काढायचीस. मी शाळेत गेले म्हणायला गेले, धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गाच्या दारात उभी राहायला. मला काय येणार? तू क काढलास की मी त्यावर बोट फिरवायची, चुकलं की तळव्यानं पुसायचं, पुन्हा क. चारचौघांत मी तुला "अहो वन्सं" म्हणायची आणि त्या खोलीत "अगं". सासूबाईंनी एकदा ऐकलं आणि नुसत्या दार लोटून गेल्या. दोघींची नखं कायमची शेंदरी. माझी अजून आहेत. मध्ये डॉक्टरांनी बोटं उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, आजी, हे कधीपासून? मी म्हटलं, लग्न झाल्यापासून. ते बिचारे काहीतरी लिहूनच घ्यायला लागले.

बघ, कुठून कुठे गेले. तर झालं काय, मागच्या आठवड्यातली सकाळ. मी बाहेर ओट्यावर फुलं निवडत होते आणि तुझे दादा आत तिला पाणी घालत होते. आतून आवाज आला. मडकं फुटावं तसा नाही, मोठ्या झाडाची साल सोलावी तसा, कर्रर्र, आणि मग धप्प. मला वाटलं, हे पडले. हातातली फुलं टाकून पळाले, त्या वेळी माझी कंबर कुठे गेली होती कोण जाणे. बघते तर हे उभे. हातात तांब्या, तोंड उघडं, आणि पाय घोट्यापर्यंत शेंदराच्या ढलप्यांत. म्हटलं, अहो, लागलं का? तर दबक्या आवाजात म्हणतात, हळू बोल, ती उघडी आहे. आणि स्वतःच्या खांद्यावरचं उपरणं झटकन तिच्यावर टाकून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. वन्सं, जन्मभर जिला आंघोळ घातली, तिच्यासमोर ते लाजले! मला म्हणाले, तू आत हो, तू बाईमाणूस आहेस, तूच नेसव तिला. आता तुला ठाऊक आहे, आतल्या उंबऱ्यापलीकडे आपल्या बायकांपैकी कुणीही कधी पाऊल टाकलेलं नाही. मी म्हटलं, अहो, नेम? तर म्हणाले, नेम शेंदराचा आहे, हा दगड आहे. गेले मग आत. पाय धुवायचेही राहिले.

आत गारवा होता. आणि तेलाचा वास, जुन्या तेलाचा, आपल्या पाट्याच्या भेगेत असायचा ना, अगदी तसा. काळाभोर दगड, ओला, आणि इतका गुळगुळीत की हात ठेवला तर उचलावासा वाटेना. तिला खांदे आहेत वन्सं. छान उतरते खांदे आहेत, तिन्हीसांजेला काम आटोपून दारात उभी राहिलेल्या बाईचे असतात तसे. गळ्यात एकच सर. एक हात कमरेवर. मी उपरण्याच्या आतून चाचपत वर गेले आणि तोंड बघायला वाकले, तर समोर तोंडच नाही. गाल, आणि एक मोठा कान, कानात थोरलं कुंडल. बास. मी म्हटलं, अहो, हिचं तोंड कुठे गेलं? भिंतीकडे बघत बघतच ते म्हणाले, फुटलं की काय? मी समई उचलली आणि बाजूनं धरली. फुटलं नव्हतं गं. तिनं मान वळवलेली आहे. कुणी मागून हाक मारली की आपण हातातलं काम न सोडता नुसती मान वळवतो ना, अगदी तशी. गळ्यावर वळीसुद्धा आहे.

आता तूच जुळव. थरावर थर चढत गेले असतील, मानेची खोबण भरली असेल, नाक बुजलं असेल, आणि तुमच्या कुणा खापरपणजोबांनी समोरचा सपाट भाग हेच तोंड धरून त्याच्यावर डोळे लावले असतील. मग त्यांच्या मुलानं तिथेच लावले, त्याच्या मुलानं तिथेच. कवच याआधी कधी पडलं होतं हे सांगायला कुणी जिवंत नाही. मामंजींनीही फक्त ऐकलेलं होतं. म्हणजे वन्सं, इतक्या पिढ्या तुम्ही सगळे तिच्या कानाला डोळे लावत आलात! माझ्या डोक्यात हे शिरलं आणि मला हसू फुटलं. तिथे, आत, तिच्या पायाशी. हे आधी रागावले, म्हणाले, हसतेस काय, वेळ काय, आणि मग त्यांचाच आवाज फाटला. दोन म्हातारी माणसं, एकाच्या हातात तांब्या, एकीच्या हातात समई, आणि हसून हसून डोळ्यांत पाणी. मला तेव्हा इतकं वाटलं की तू हवी होतीस. खांबाला धरून.

ती बघते कुठे, हे मी अजून लिहिलं नाही, तुझ्या लक्षात आलंच असेल. थांब जरा. चहा आलाय. नातीनं आलं जास्त टाकलंय.

वन्सं, तुला त्या दाराची आठवण मी काढू नये, हे मला कळतं. इतक्या पत्रांत मी ती काढलेली नाही. पण आज इलाज नाही. बाजूच्या भिंतीतलं ते बुटकं दार, लेकीचं दार. गावातून दिलेल्या लेकी माहेरी आल्या की त्यांनी मोठ्या दारानं जायचं नाही, त्या बुटक्या दारातून वाकून जायचं आणि उंबऱ्यावरच उभं राहून हात जोडायचे. मामंजी कारण सांगायचे, दिलेल्या लेकीवर ती नजर टाकत नाही, टाकली तर लेकीचा पाय सासरी परत निघत नाही. गावातल्या बाकीच्या पोरींना त्याचं काही वाटत नसे, त्या वर्षातून एकदा यायच्या, वाकायच्या, जायच्या. पण तू तर तिच्याच घरातली. लग्नानंतर तू पहिल्यांदा आलीस तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. बसमधून उतरलीस, पिशवीसुद्धा घरात ठेवली नाहीस, धावत मोठ्या दाराकडे निघालीस, जशी रोज जायचीस तशी. आणि मामंजींनी नुसता हात पुढे केला, तळहात बाजूच्या दाराकडे. रागावले नाहीत, बोलले नाहीत. तुझे दादा मागे समई धरून उभे होते, तेही बोलले नाहीत. तू गेलीस बाजूनं. किती वेळ उभी होतीस कुणास ठाऊक. परत आलीस, मी तुझ्या पायांवर पाणी घालत होते, आणि तू हसत हसत म्हणालीस, वहिनी, मला तिचा नुसता कान दिसला गं. इतकी वर्षं जिचा शेंदूर कालवला, तिचा कान बघायला का मी एवढ्या लांब आले? तू हसत होतीस, पण पाय माझ्या हातातून काढून घेतलेस. दुसऱ्या दिवशी गेलीस. ठरल्यापेक्षा आधीच.

त्यानंतर सासूबाई गेल्या तेव्हा आलीस, स्वयंपाकघरात माझ्याजवळ बसलीस, देवळाकडे बघितलंही नाहीस. मामंजी गेले तेव्हा तर आलीच नाहीस. मी तुला दोष देत नाही गं, कधीच दिला नाही. पण मी मेली चिवट. प्रत्येक पत्रात शेवटी तो एक छोटासा शब्द लिहायची. मग तुझं ते पत्र आलं. वहिनी, खुशाली लिही, भांडणं लिही, सुनेच्या तक्रारी लिही, पण पुन्हा तो शब्द लिहिलास तर पत्र न वाचता फाडीन. तेव्हापासून मी तो लिहिलेला नाही. तांदळातले खडे निवडावेत तसा निवडून बाजूला काढते. कधीकधी अख्खं पत्र लिहून झालं की वाटतं, सगळं लिहिलं आणि लिहायचं होतं तेवढंच राहिलं. तुझ्या पत्रांना शिलाई मशीनच्या तेलाचा वास येतो. मी ती आधी हुंगते आणि मग वाचते. तेल ते तेलच. खिडकीखालची गादी मी पाहुण्यांना देत नाही, ऊन दाखवून पुन्हा तिथेच घालते. सून विचारते, ही कुणाची? मी म्हणते, आहे एकीची. तुझे यजमान गेले तेव्हा मला वाटलं होतं, आता तरी. पण तू दुकानाच्या वरच्या त्या खोलीत, शाळेच्या गणवेशांच्या ढिगात बसून राहिलीस आणि मला लिहिलंस, इथे खूप काम आहे. कळतं गं. मलाही काम असतं तेव्हा असंच खूप असतं.

आता ऐक. ती लेकीच्या दाराकडे बघते.

मी समई धरून तिच्या नजरेच्या रेघेत मागे मागे सरकत गेले, आणि पाठ कशाला टेकली म्हणशील? त्या बुटक्या दाराच्या चौकटीला. थेट. कोपऱ्याकडे नाही, भिंतीकडे नाही, दारात. नातीनं तर आणखी एक दाखवलं. मोठ्या दाराचा उंबरा बघ, म्हणाली, आणि हा बघ. बुटक्या दाराचा उंबरा त्यावर उभ्या राहिलेल्या लेकींच्या पायांनी मध्ये इतका झिजलाय की त्यात पाणी साठेल, आणि मोठ्या दाराचा अजून कोराच्या कोरा. आपण रोज ओलांडत होतो, कुणी खाली बघितलं नाही. म्हणजे लेकींना बाजूला काढण्यासाठी ते दार नव्हतंच वन्सं. ती बघते तिकडे, म्हणून लेकींनी तिथून जायचं. मामंजी खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. त्यांच्यासमोर गोळा होता आणि गोळ्यावर डोळे होते, त्यांनी त्याला साजेसं कारण शोधलं. पण तू ज्या दिवशी तिथे उभी होतीस ना, किती वेळ ते कुणास ठाऊक, त्या सगळ्या वेळात शेंदराच्या आतून ती तुझ्याकडेच बघत होती. मी हे स्वतःशी बोलते आणि मला भर दुपारी अंगणात नाचावंसं वाटतं. सून म्हणते, आई, साखर वाढली असेल, तपासून घेऊ या.

फोटो पाठवला असता. पण नातीनं तो समोरून काढलाय. आणि समोरून आता, सांगू का, तिचा नुसता कान दिसतो!

यावर गावात काय गोंधळ झाला म्हणून सांगू. आत पडदा ओढलाय, दर्शन बंद, आणि ओट्यावर पंचायत. दीड मीटर आठवतात? कापडवाले गं, तूच नाव ठेवलंस, ते आता देवळाचे अध्यक्ष आहेत, आणि उंचीनं आणखी थोडे आटलेत. ते म्हणाले, पुजारीबुवा, माणसं लांबून लांबून येणार, समोर उभी राहणार, आणि देवीनं तोंड फिरवलेलं, त्यांना आम्ही सांगायचं काय? मुकाट्यानं नवा लेप चढवा आणि डोळे होते तिथे लावा. तुझे दादा म्हणाले, होते तिथे म्हणजे कानावर? ते म्हणाले, हो, लोकांना सवय आहे. तुझे दादा म्हणाले, मग तुमच्या चष्म्याच्या काचा उद्यापासून कानांवर लावा, आम्हालाही सवय होईल. वन्सं, तुझे दादा! ज्यांनी उभ्या जन्मात कुणाला उलट उत्तर दिलं नाही, आणि जिथे द्यायला हवं होतं तिथेही दिलं नाही. ओट्यावरच्या बायकांनी पदर तोंडात कोंबले. शेवटी अध्यक्ष नरमले. म्हणाले, बरं, तोंडावर लावा, पण नजर नीट लागली पाहिजे, नाहीतर ना समोरच्यांना बघायची ना बाजूच्यांना.

आणि खरी अडचण तिथेच आहे. दगडातले डोळे पार झिजलेत, त्यांना बुबुळ नाही. बुबुळ आहे ते चांदीच्या डोळ्यांना. ते मेणानं बसवायचे. केसभर इकडे झालं की ती छताकडे बघते, केसभर तिकडे झालं की उंबऱ्याकडे. बसवणारा आत, त्याला कळणार कसं? दारात कुणीतरी उभं राहून सांगायला हवं, हां, आता बघितलं माझ्याकडे. आणि त्या दारात उभं राहायचा मान दिलेल्या लेकीचाच. मी उभी राहू शकत नाही, मी आणलेली. नातीचं लग्न नाही. म्हणून गावातल्या लेकींना बोलावलं. अध्यक्षांची बहीण आली, ती भावापेक्षाही बुटकी, म्हणाली, माझ्या डोक्यावरून बघते, खाली करा. दादांनी खाली केले. मग गिरणीवाल्याची लेक आली, ती ताडमाड, म्हणाली, माझ्या पोटाकडे काय बघते, वर करा. मग तिसरी आली, तिला मोतीबिंदू, तिला दोन्ही बरोबर वाटले. वर, खाली, वर, खाली, मेण पार मळून गेलं. तुझे दादा बाहेर आले, घाम पुसला, आणि सगळ्यांदेखत म्हणाले, असं गावाच्या उंचीनं व्हायचं नाही. आता ती बघेल ती आमच्या घरच्या लेकीच्या उंचीनं. माझी बहीण माझ्या खांद्याला लागायची. ती यायची आहे. तोवर पडदा राहील.

मी त्यांना बोळात गाठलं. म्हटलं, काय सांगून बसलात? तिला विचारलंत? म्हणाले, तू लिहितेस ना पत्रं, लिही. म्हटलं, मी सगळं लिहीन, पण एक शब्द मला लिहायची बंदी आहे, आणि नेमका तोच लिहायचाय. त्यांनी भिंतीचा पोपडा उकरला. मग म्हणाले, बंदी तुला आहे. मला कुठे आहे? मी तर कधी लिहिलाच नाही. तेव्हा वन्सं, हे सगळं पत्र, म्हशी, चहा आणि दीड मीटर, हे या शेवटच्या ओळीला पाकिटातून एकटीनं जायला संकोच वाटू नये म्हणून. मी माझा शब्द मोडलेला नाही, वाटल्यास पुन्हा वरून वाचून बघ. आज सकाळी मी शेंदूर कालवला, नव्या लेपाचा पहिला, आणि तुझे दादा पाट्याशी येऊन बसले, बोट बुडवलं, आणि या कागदावर खाली एवढंसं लिहून हात धुवायलाही न थांबता निघून गेले. सांडलंय असं वाटेल, पण सांडलेलं नाही. आत्ता ते आत बसलेत, चांदीचे डोळे मांडीवर आणि मेण मुठीत. मुठीत धरलं की मऊ राहतं, म्हणतात. आणि हो, तू आता वाकली असशील, खांद्याला लागत नसशील, तर त्याची काळजी करू नकोस. मी त्यांना विचारलंय. वाकलेल्या उंचीनं बसवतील.

तुझीच, शेंदरी नखांची,
वहिनी

ये.
दादा